मालव्याची माती कुंडीत मावत नाही

इंदूरमध्ये गच्चीवर भाजीपाला लावायचा विचार कोणापुढे बोलून दाखवला, तर बियाण्यांच्या आणि कुंड्यांच्याही आधी मातीचा विषय निघतो आणि तो अभिमानाने निघतो. आमच्या घरी तो अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, काढला. सहा वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास मी बारा कुंड्या आणि टोमॅटोची काही रोपे आणली, तेव्हा नर्सरीतून सोबत आणलेली तयार मातीची पिशवी त्यांनी मला परत करायला लावली. "मालव्यात राहून माती विकत आणायची? लोक हसतील, सूनबाई," असे ते म्हणाले आणि आठवड्याभरात देपालपूरकडच्या एका स्नेह्यांच्या शेतातून चार पोती काळी माती आमच्या लोकमान्य नगरातल्या घरी येऊन पडली. ती माती खरोखरच देखणी होती. ओली असताना लोण्यासारखी मऊ आणि कोळशासारखी काळी. 'डग डग रोटी, पग पग नीर' ही म्हण ज्या जमिनीवरून पडली, तिचाच हा तुकडा होता, त्यामुळे आपण तिच्यात काही मिसळावे असे मलाही वाटले नाही.

तीन आठवड्यांत त्या बाराही कुंड्यांची वीट झाली. माती सुकली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटायची, मधे बोटभर फट पडायची आणि वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली वाहून जायचे. गच्चीवर ओघळ आला म्हणजे रोपाला पुरेसे पाणी मिळाले, असे मी धरून चालले होते. एक मेलेले रोप उपटून पाहिले तेव्हा मुळांभोवतीचा गोळा आतून कोरडा ठणठणीत निघाला. पुढे पावसाळ्यात याच्या नेमके उलटे घडले. एकदा भिजलेली माती चार-चार दिवस सुकेना, वरच्या थरावर हिरवे शेवाळ धरले आणि वांग्याची रोपे मुळाशी कुजून आडवी झाली.

यात मातीचा दोष नव्हता, हे समजायला मला वर्ष लागले. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. शेतात हेच तिचे बळ असते. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खोलवर उतरतो आणि तो ओलावा ती थंडीपर्यंत धरून ठेवते, म्हणूनच मालव्यात पूर्वी पाणी न देताही गहू आणि हरभरा पिकत असे. पण शेताला तळ नसतो आणि कुंडीला तो एका फुटावर असतो. जमिनीत खालची माती वरच्या मातीतले पाणी ओढून घेत राहते, तर कुंडीत ते ओढणारे कोणी नसल्यामुळे तळाशी एक चिंब थर साचून राहतो आणि माती जितकी बारीक कणांची, तितका तो थर जाड असतो.

येथे एका लोकप्रिय सल्ल्याविषयी बोलणे भाग आहे. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी घालावी म्हणजे पाणी निचरते, असे सगळेच सांगतात आणि मीही ते इमानाने केले. प्रत्यक्षात बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. तो चिंब थर खडीच्या वर जसाच्या तसा राहतो आणि मुळांच्या वाट्याची तीन बोटे जागा मात्र कमी होते. भोकावर एखादी खापरी ठेवावी, माती वाहून जाऊ नये इतक्यापुरती. निचरा हवा असेल तर तो सगळ्या मातीतच मिसळलेला हवा.

आता माझ्या कुंड्यांत काळी माती असते ती एक भाग. तिच्या जोडीला एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि अर्धा भाग जाड वाळू असते आणि मोठ्या कुंडीला दोन मुठी निंबोळी पेंड असते. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजवली की फुलून सत्तर लिटरांच्या आसपास होते, त्यामुळे पहिल्या वेळी ती लहान बादलीत भिजवण्याची चूक करू नये, मी केली होती. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून ते दोनदा भिजवून पिळून घेतलेले बरे. या मिश्रणाचा आणखी एक फायदा वजनाचा आहे. वीस लिटरच्या पिशवीत नुसती काळी माती भरून पाणी घातले तर ती तीस किलोच्या घरात जाते. अशा चाळीस पिशव्या जुन्या गच्चीच्या मधोमध मांडणे शहाणपणाचे नाही. जड कुंड्या आम्ही भिंतींवर आणि कडेच्या तुळयांवर येतील अशा बेताने ठेवतो आणि प्रत्येकीखाली विटा देतो, म्हणजे खालून वारा खेळतो आणि स्लॅबला ओल धरत नाही.

मिश्रणातला कंपोस्टचा भाग मात्र मी विकत आणत नाही आणि त्याला एक इंदुरी कारण आहे. आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरमध्ये होते. होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर उभारलेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीचे ते संचालक होते. त्या ठिकाणी आज कृषी महाविद्यालय आहे. शेतातला पालापाचोळा, शेण, गोमूत्र शोषलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचून, ते ओले ठेवून आणि ठरावीक दिवसांनी परतून सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची जी रीत त्यांनी व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी येथे बसवली आणि १९३१ मध्ये पुस्तकरूपाने मांडली, ती जगभर 'इंदूर पद्धत' याच नावाने ओळखली जाते. कपाशीच्या टणक काठ्या लवकर कुजत नाहीत म्हणून त्या शेतरस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेतल्या जात, हा त्यातला तपशील मला विशेष आवडतो. ज्या गावाचे नाव खताच्या पद्धतीला मिळाले आहे, त्या गावात राहून खताची पिशवी विकत आणणे मला अवघड वाटते. अण्णांचा मातीचा अभिमान आणि माझा खताचा अभिमान एकाच जातीचा आहे, हे मला मान्य आहे. फरक इतकाच, की खत कुंडीत चालते.

गच्चीवर ढीग रचता येत नाही, म्हणून मी साठ लिटरच्या प्लॅस्टिकच्या पिंपाला चहूबाजूंनी आणि तळाला भोके पाडून घेतली. तत्त्व तेच आहे. ओले आणि सुके यांचे थर, मधे हवा आणि पिळलेल्या फडक्याइतकी ओल. पहिल्या वर्षी मी त्यात फक्त ओले घातले आणि तेही मे महिन्यात, म्हणजे टरबुजाच्या साली, आंब्याच्या साली आणि उष्टेसुद्धा. दहा दिवसांत असा वास सुटला की शेजारच्या भाभीजींनी, अत्यंत सौजन्याने, आमच्याकडे कोणी आजारी आहे का अशी चौकशी केली. वास येतो तो हवा कोंडल्यामुळे. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त असते आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना त्याच्या पंचवीस-तीस पट कर्ब लागतो, तो सुक्या पानांतून, नारळाच्या शेंड्यांतून आणि फाडलेल्या पुठ्ठ्यांतून येतो. आता एक डबा भाजीच्या देठांमागे मी मापाने दोन डबे सुका पाला घालते, आठवड्यातून दोनदा काठीने खालवर करते आणि अधूनमधून आंबट ताकाचा शिंतोडा देते. थंडीत तीन महिने लागतात, उन्हाळ्यात त्याहून कमी. आत करड्या, चपट्या अळ्या दिसल्या तर दचकू नये. त्या पुष्कळदा काळ्या सैनिक माशीच्या असतात, कचरा झपाट्याने संपवतात आणि झाडांना काही करत नाहीत.

इंदूरमध्ये ओला आणि सुका कचरा वेगळा करण्याची सवय आता अंगवळणी पडली आहे. २०१७ पासून स्वच्छतेतला पहिला क्रमांक मिरवणाऱ्या शहरात ती नसती तरच नवल. त्यामुळे पिंपासाठी घरात कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. एक सूचना मात्र अनुभवाची आहे. खत काळे, भुसभुशीत आणि पावसानंतरच्या मातीसारख्या वासाचे होईपर्यंत कुंडीत घालू नये. मी एकदा घाईने अर्धवट कुजलेले घातले, तेव्हा ते कुजवण्यासाठी जिवाणूंनी मातीतलेच नत्र वापरले आणि पालकाची सगळी पाने पिवळी पडली.

आता प्रत्यक्ष भाज्यांकडे वळते. ज्या घरात रविवारी पोहे होतात त्या घराने सुरुवात कोथिंबिरीने करावी, कारण इंदुरी पोह्यांवर शेव आणि जीरावण नावाचा मसाला यांच्याबरोबर ती लागतेच आणि बाजारातली जुडी दुसऱ्या दिवशी मान टाकते. धन्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात, म्हणून तो हाताने किंवा लाटण्याने हलकेच रगडून दोन फाका करायचा, रात्रभर भिजवायचा आणि अर्ध्या बोटाइतक्या खोलीवर पेरायचा. उगवायला दहा ते पंधरा दिवस लागतात आणि या काळात बहुतेकांचा धीर सुटतो. सहा ते आठ इंच खोलीचे पसरट भांडे पुरते. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत कोथिंबीर सुखाने वाढते, मात्र ऊन चढले की ती पाने सोडून फुलाच्या दांड्याच्या मागे लागते आणि तेव्हा तिला कितीही पाणी घातले तरी ऐकत नाही. मेथीचे इतके लाड करावे लागत नाहीत. ती तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याच्या आत काढता येते.

टोमॅटोला निदान बारा ते पंधरा इंच खोल कुंडी लागते आणि एका कुंडीत एकच रोप लावावे. दोन लावली तर दोन्ही झुरतात. मालव्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे आणि उन्हाळ्यातही येथील रात्री निवतात, 'शब-ए-मालवा'ची ख्याती काही उगाच नाही. टोमॅटोची फुले फळ धरतात ती रात्र थंड असेल तर. रात्रीचे तापमान चोवीस अंशांच्या वर राहू लागले आणि दिवस पस्तिशीच्या पार गेला, की फुले येतात आणि गळून जातात. त्यामुळे आमच्याकडे एप्रिलच्या मध्यापर्यंत फळ धरते आणि त्यानंतर झाडाला खत घालत बसण्यात अर्थ नसतो. फळाच्या तळाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो तो बुरशीचा असे मला वाटे आणि मी त्यावर औषधे मारत राहिले. तो कॅल्शियम फळापर्यंत न पोहोचल्याचा परिणाम असतो आणि कुंडीत त्याचे नेहमीचे कारण म्हणजे एक दिवस कोरडे आणि एक दिवस चिंब, असे बेभरवशाचे पाणी. आमच्या भागात नळ दिवसाआड येतात आणि मीही तेव्हा झाडांना दिवसाआडच पाणी देत असे. घरातल्या टाकीचा हिशेब झाडांना लावू नये.

पाण्याविषयी आणखी एक गोष्ट. नर्मदेचे पाणी १९७८ मध्ये इंदूरला आले आणि ते जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, विंध्याचा चढ चढवून आणले जाते. ते कुंड्यांना घालताना मला दरवेळी थोडा संकोच वाटतो, म्हणून दोन उन्हाळे मी बोअरिंगचे पाणी वापरले. ते जड होते. कुंड्यांच्या कडांवर पांढरे क्षार जमले आणि कढीलिंबाची कोवळी पाने पिवळी पडून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. ही लोहाच्या कमतरतेची खूण आहे. लोह मातीत असते, पण मुळात चुनखडीयुक्त असलेली काळी माती आणि त्यावर हे जड पाणी यांमुळे ते झाडाला घेता येत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारल्यावर दोन आठवड्यांत नवी पालवी हिरवी आली. आता तांदूळ, डाळी आणि भाज्या धुतलेले पाणी बादलीत साठवते आणि तेच आधी वापरते. पाणी द्यायचे की नाही हे बोट सांगते. दोन पेरे मातीत खुपसावे आणि टोकाला ओल लागली तर झारी खाली ठेवावी. माझ्या हातून जितकी झाडे गेली त्यांतली बहुतेक जास्त पाण्याने गेली, उन्हाने नव्हे. मेमध्ये हिरवी जाळी, कुंडीतल्या मातीवर सुक्या पानांचे आच्छादन आणि सकाळी सातच्या आत पाणी, एवढ्यावर भेंडी, चवळी, अंबाडी आणि राजगिरा निभावून नेतात. अंबाडी मी दरवर्षी लावतेच, कारण शेजारच्या निमाडात अमाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी ही जोडी जशी घट्ट आहे तशीच ती आमच्याही घरात आहे.

मिरचीवर बोकड्या पडतो, पाने मुरडतात आणि झाड खुजे राहते. पांढरी माशी आणि फुलकिडे यांचा हा उद्योग आहे. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि दोन-चार थेंब पातळ साबण घालून, नीट घुसळून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने दर आठवड्याला फवारले तर किडीला आळा बसतो. विषाणूने मुरडलेले झाड मात्र सुधारत नाही. ते उपटून टाकावे आणि तेही वेळेवर. मी प्रत्येक वेळी आठवडाभर उशीर करते.

सर्वांत जास्त मौज मला दुधी भोपळ्याने दिली. पन्नास लिटरच्या पिंपात जूनमध्ये बी लावले, वेल मांडवावर चढला, बोटाएवढे दुधी लागले आणि एकामागून एक पिवळे पडून गळले. खत कमी पडले असे समजून मी खत वाढवले, तर पाने आणखी दांडगी झाली. खरे कारण असे होते, की दुधीवर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. नराचा देठ लांब आणि सडपातळ असतो आणि मादी फुलाखाली इवलासा दुधी असतो. ती पांढरी फुले उमलतात ती दिवेलागणीला, मधमाश्या घरी गेल्यावर. शेतात पतंग हे काम करतात, पण वस्तीतल्या तिसऱ्या मजल्यावर ते फारसे फिरकत नाहीत. तेव्हापासून पावसाळ्यात संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की मी विजेरी घेऊन गच्चीवर जाते, एक नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढते आणि आतला पराग मादी फुलाच्या मध्यावर अलगद टेकवते. एका फुलात दोन-तीन फुलांचे काम होते. घोसाळ्याला, म्हणजे येथल्या गिलकीला, ही सेवा लागत नाही. त्याची पिवळी फुले पहाटे उमलतात आणि मधमाश्यांना ती सापडतात.

अण्णांची उरलेली तीन पोती माती इतके दिवस जिन्याखाली होती आणि तिच्याविषयी आम्ही दोघे बोलणे टाळत होतो. दोन वर्षांपूर्वी आत्याबाईंनी पुण्याहून वडीच्या अळूचे, काळ्या देठाचे, दोन कंद आणले. येथे बाजारात अरबीची पाने मिळतात, पण ती पुष्कळदा पातळ असतात आणि वडीची गुंडाळी करताना फाटतात. अळूला पाय सतत ओले लागतात. मी रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा घेतला, भोक तळाला न पाडता बाजूला चार बोटांवर एकच पाडले आणि त्यात निम्म्याहून अधिक नुसती काळी माती आणि वर कंपोस्ट भरले. जे पाणी धरून ठेवल्यामुळे वांगी कुजली होती, त्याच पाण्यावर अळूने श्रावणापर्यंत ताटाएवढी पाने काढली. डबा गच्चीवरच्या पूर्वाभिमुख भिंतीशी आहे, म्हणजे त्याला सकाळचे ऊन मिळते आणि दुपारी सावली. पाने खाजतात ती त्यांतल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, म्हणून पिठात चिंच सढळ हाताने घालावी आणि वड्या पूर्ण वाफवाव्यात. थंडीत पाने झडली की पाणी कमी करते, फेब्रुवारीत कंद काढून वेगळे करते आणि मार्चअखेर पुन्हा लावते. दोन कंदांचे आता नऊ झाले आहेत.

पहिल्या वड्या खाताना अण्णा मातीविषयी एक अक्षर बोलले नाहीत, त्यांनी फक्त दोनदा वाढून घेतले. मागच्या आठवड्यात मात्र त्यांनी देपालपूरला फोन करून आणखी दोन पोती सांगितल्याचे मला स्नेह्यांच्याच निरोपावरून कळले. मी हरकत घेतलेली नाही. रंगाचे चार रिकामे डबे तेवढे मिळवायचे आहेत.